जर्मन पाटीवर फराळ: ‘लेकरायन’चं स्पेलिंग, अर्थ आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीतल्या एका शहरात दिवाळीच्या मेळ्यात मराठी मंडळी फराळाचा स्टॉल लावणार आहेत. पाटीवर ‘भारतीय चविष्ट पदार्थ’ अशा अर्थाचं काहीतरी जर्मनमध्ये लिहायचं आहे. तिघांनी तीन शब्द सुचवले. पहिल्याचं स्पेलिंग शेवटी ई-आय-एन असं आहे, दुसऱ्याचं ई-आय-ई-एन असं, आणि तिसऱ्याने ‘लेकर्लीस’ लिहून दिलं आहे. यातलं बरोबर कोणतं? आणि हा शब्द फक्त गोडासाठी आहे की चकली-चिवड्यालाही चालेल?

पाटी रंगवायला द्यायची घाई असेल म्हणून आधी उत्तर देतो. दुसरं स्पेलिंग बरोबर आहे: एल-ई-सी-के-ई-आर-ई-आय-ई-एन. उच्चार ‘लेकरायन’, जोर ‘राय’वर. हे अनेकवचन झालं. एकवचन ‘लेकराय’, म्हणजे शेवटचे ई आणि एन काढून टाकायचे. नाम स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘डी लेकराय’, ‘डी लेकरायन’. पहिलं स्पेलिंग चूक आहे. तिसरा शब्द जर्मनमध्ये आहे, पण तो पाटीवर लिहिलात तर लोक कुत्र्याला घेऊन येतील. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता कारणं. मी बरीच वर्षं जर्मन शिकवतो आणि भाषांतरं करतो. या शब्दाचं स्पेलिंग पाठ करून टिकत नाही, त्याची बांधणी समजली की टिकतं, असा माझा अनुभव आहे.

‘लेकर’ हे विशेषण, अर्थ चविष्ट. त्याच्या शेवटी ‘आय’ हा प्रत्यय लागतो, स्पेलिंग ई-आय. लेकर अधिक आय, लेकराय. विशेषणाच्या शेवटचा आर आणि प्रत्ययाचा ई यांच्यामध्ये काहीही येत नाही. म्हणून डबल आर लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही ती चूक फार दिसते, कारण कानाला ‘राय’ हा वेगळा तुकडा ऐकू येतो आणि हात आपोआप आणखी एक आर लिहितो. बेकरीसाठीचा ‘बेकराय’ हा शब्द घ्या. ‘बेकर’ म्हणजे भट्टीवाला, त्याला ‘आय’ लागला. छापखान्याला ‘ड्रुकराय’, वाचनालयाला ‘ब्युशराय’, मिठाई-केकच्या दुकानाला ‘कोंडिटोराय’. एकाही शब्दात डबल आर नाही.

हा प्रत्यय ओळखीचा झाला की तीन गोष्टी आपोआप कळतात. त्याने संपणारं नाम स्त्रीलिंगी असतं, शब्दाचा जोर त्याच्यावर पडतो आणि अनेकवचन ई-एन लावून होतं. जर्मन लिंगांनी मराठी विद्यार्थी बेजार होतात, कारण आपल्याकडेही तीन लिंगं असली तरी ती जर्मनशी जुळत नाहीत. जिथे प्रत्यय लिंग सांगून टाकतो तिथे ती मदत घ्यावी. हा प्रत्यय मूळचा जर्मन नाही. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगात तो आत आला. जर्मन शब्दांचा जोर बहुधा पहिल्या अवयवावर असतो, इथे मात्र तो शेवटी सरकतो, त्याचं कारण हेच.

तुमच्या पहिल्या स्पेलिंगमध्ये नेमकी कुठे गफलत झाली ते आता दिसेल. एकवचन ई-आय वर संपतं, त्यावर पूर्ण ई-एन लागायला हवा. पण बोलताना तो दुसरा ई जवळजवळ गिळला जातो आणि ‘लेकरायन’ असं एकसंध ऐकू येतं. त्यामुळे लिहिताना तो ई सुटतो. ज्यांची मातृभाषा जर्मन आहे त्यांच्या हातूनही ही चूक होते. दुकानांच्या फळ्यांवर, बेकरीच्या चिठ्ठ्यांवर ती मी पाहिली आहे. तेव्हा ‘अमुक दुकानात असं लिहिलं होतं’ हा पुरावा धरू नका. शंका आली तर आधी एकवचन लिहा, ते बरोबर आहे याची खात्री करा आणि मग त्याच्यामागे ई-एन जोडा.

ई-आय की आय-ई, हाही नेहमीचा गोंधळ. जर्मनमध्ये ई-आय म्हणजे ‘आय’ आणि आय-ई म्हणजे दीर्घ ‘ई’. ‘वाइन’ या जर्मन शब्दात ई-आय आहे, ‘बीअर’मध्ये आय-ई. हे दोन शब्द सगळ्यांना पाठ असतात, तेवढे आठवले तरी पुरे. मराठी माणसाला इथे एक सोय आहे. शब्द आधी देवनागरीत लिहून पाहिला तर ‘आय’ की ‘ई’ हे डोळ्यांसमोर येतं, आणि रोमन अक्षरांचा क्रम त्यावरून ठरवता येतो. मी नवशिक्यांना हे मुद्दाम करायला लावतो. असंच आणखी एक ठिकाण: साखरेचा जर्मन शब्द ‘त्सुकर’ झेड अक्षराने सुरू होतो. त्याचा उच्चार हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला शिकावा लागतो. आपल्याला तो ‘चूक’ या शब्दातल्या च मध्ये आयता मिळालेला आहे.

‘ई-आय’ हा स्वतंत्र शब्दही आहे, अर्थ अंडं. तो नपुंसकलिंगी आहे आणि त्याचं अनेकवचन ‘आयर’ होतं. ईस्टरचं अंडं ‘ओस्टरआय’, त्याची ‘ओस्टरआयर’. ‘लेकराय’चा याच्याशी काही संबंध नाही. पण कुणी अनेकवचन ‘लेकरआयर’ केलं तर वाचणाऱ्याला चविष्ट अंडीच दिसतील. शाकाहारी फराळाच्या स्टॉलवर हा गैरसमज परवडणार नाही.

मधल्या सी-के बद्दलही विचारलं जातं. डबल के का नाही? जर्मन लेखनात ऱ्हस्व स्वरानंतरचं व्यंजन दुहेरी लिहितात, पण के ला दुहेरी करण्याची पद्धत म्हणजे सी-के. डबल के डच भाषेत असतो. डचमध्ये हाच शब्द ‘लेकर’ डबल केने लिहितात, आणि नेदरलँड्समध्ये राहून आलेल्यांच्या हातून जर्मनमध्येही तसंच उतरतं. एक गंमत अशी की जर्मनमध्येही एके काळी हा डबल के ओळीच्या टोकाला दिसायचा. ओळ संपली आणि शब्द तोडावा लागला तर सी-के चे दोन के करून एक वर, एक खाली लिहायचा नियम होता. 1996च्या लेखनसुधारणेत तो रद्द झाला. आता सी-के तुटत नाही, तो पूर्ण पुढच्या तुकड्याबरोबर जातो. जुन्या पाककृतींच्या पुस्तकात डबल के दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. तुमची पाटी अरुंद असेल आणि शब्द दोन ओळींत तोडायचाच असेल तर ‘लेके’ वर आणि ‘रायन’ खाली, मध्ये संयोगचिन्ह. वाचायला हेच सगळ्यात सोपं.

पाटीपुरत्या आणखी दोन गोष्टी. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, वाक्यात कुठेही असलं तरी. ‘भारतीय’साठी ‘इंडिशे’ हे विशेषण आहे. ते पाटीवर पहिला शब्द म्हणून आलं तर मोठ्या अक्षराने सुरू होईल, वाक्याच्या मध्ये आलं तर लहान अक्षराने. आणि इथे आर्टिकल नाही, अनेकवचन आहे, म्हणून विशेषणाच्या शेवटी फक्त ई येईल. ‘इंडिशन’ करायचं नाही. अनेकवचनासाठी ॲपॉस्ट्रॉफी तर मुळीच नको. तो दुकानांच्या पाट्यांवर दिसतो, पण भाषेची आस्था असणारा जर्मन माणूस त्याने खरोखर वैतागतो.

आता अर्थाकडे येतो. मला या शब्दात खरा रस आहे तो इथे.

‘लेकर’ हे विशेषण ‘लेकन’ या क्रियापदाशी जोडलेलं आहे. लेकन म्हणजे चाटणं. ज्याची चव जिभेवर रेंगाळते, जे चाटूनपुसून खावंसं वाटतं ते लेकर. आपल्याकडे संस्कृत परंपरेने अन्नाचे चार प्रकार सांगितले: भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य. त्यातलं लेह्य म्हणजे चाटून खायचं. च्यवनप्राशाला ‘अवलेह’ म्हणतात तेही त्यामुळेच. संस्कृत ‘लिह्’ हा धातू आणि जर्मन ‘लेकन’ हे क्रियापद एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. ध्वनींचं साम्य योगायोगाचं नाही, भाषाशास्त्राने ते नीट दाखवलेलं आहे. ‘लेकरू’शी मात्र काही नातं नाही. कानाला सारखं वाटतं म्हणून विद्यार्थी विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘लेकर’ हे नामही होतं आणि ते शिवीसारखं वापरलं जाई. दुसऱ्यांची ताटं चाटत फिरणारा, खादाड, लबाड माणूस. त्या काळात ‘लेकराय’चा जुना अवतारही असल्या माणसाच्या वागण्याला लागू होई. चांगल्या चवीचा पदार्थ हा अर्थ नंतर पक्का झाला. जुन्या अर्थाची एक छटा आजही शब्दकोशात सापडते. ‘आय’ हा प्रत्यय जर्मनमध्ये कंटाळवाण्या, सारख्या चालणाऱ्या कृतीसाठीही लागतो. सतत प्रश्न विचारत राहणं म्हणजे ‘फ्रागराय’. त्याच न्यायाने ‘लेकराय’ म्हणजे सारखं चाटत बसणं, असा एक बोलीतला, नापसंतीचा अर्थ आहे. पाटीवर अनेकवचनात लिहिल्यावर तो कुणाच्या मनातही येणार नाही. शब्दकोशात दिसला तर दचकू नका, एवढंच.

आजचा मुख्य अर्थ: खास चवीचा, मौजेने खाण्याचा छोटा जिन्नस, बहुधा गोड. पोट भरण्यासाठी खायचं जेवण यात येत नाही. मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द ‘खाऊ’. प्रेमाने दिलेलं, हौसेने खाल्लेलं, थोडंसंच असलेलं. भाषांतरात मी संदर्भ बघून ‘खाऊ’ किंवा ‘गोडधोड’ वापरतो. ‘मिष्टान्न’ जड होतं, आणि ‘पक्वान्न’ म्हटलं की पंगत डोळ्यांपुढे येते. जर्मन शब्दात तो थाट नाही. तो बहुतेक वेळा अनेकवचनातच भेटतो, जसं ‘नाताळच्या लेकरायन’. एक लाडू हातात घेऊन त्याला ‘एक लेकराय’ म्हटलं तर व्याकरणाने बरोबर, पण जरा पुस्तकी वाटतं.

मग चकली आणि चिवडा? चालतील, पण शब्दाचा कल गोडाकडे आहे. तिखट-खारट पदार्थ त्यात घ्यायचे असतील तर जर्मन माणूस आधी विशेषण लावतो. गोडासाठी ‘झ्युसे’, खमंग-खारटासाठी ‘हेर्त्सहाफ्टे’, तिखट-मसालेदारासाठी ‘पिकांटे’. विशेषण न लावता नुसतं ‘लेकरायन’ लिहिलंत तर येणारा माणूस लाडू-करंजीच्या अपेक्षेने येईल. चकली, शेव, चिवडा यांच्यासाठी जर्मनमध्ये खरं तर ‘क्नाबरायन’ हा फार नेमका शब्द आहे. ‘क्नाबर्न’ म्हणजे कुरतडणं, कुरकुरीत काहीतरी तोंडात टाकत राहणं. बांधणी तीच, प्रत्यय तोच, लिंग आणि अनेकवचनही तेच. टीव्हीसमोर बसून खायचे वेफर्स, शेंगदाणे, खारी बिस्किटं या शब्दात बसतात. चिवड्याला याहून चांगला जर्मन शब्द मला सुचत नाही.

आता तिसरा पर्याय, ‘लेकर्ली’. शेवटचा ‘ली’ हा स्वित्झर्लंड आणि त्याच्या आसपासच्या जर्मन बोलींमधला लाडाचा प्रत्यय. बाझल शहराचा ‘लेकर्ली’ प्रसिद्ध आहे: मध, बदाम, संत्र्या-लिंबाच्या सालीचा मुरांबा, दालचिनी-लवंगेसारखे मसाले आणि चेरीपासून काढलेलं मद्य घातलेलं, वर साखरेचा पातळ थर दिलेलं चिवट बिस्किट. बाझलचे लोक त्याचं स्पेलिंग ए वर दोन टिंबं देऊन करतात, ई ने नव्हे. स्विस बोलीत शब्द तसा उच्चारला जातो आणि बिस्किटाच्या नावात ते अभिमानाने जपलेलं आहे. जर्मनीत मात्र ई ने लिहिलेला ‘लेकर्ली’ म्हणजे कुत्र्याला किंवा घोड्याला शाबासकी म्हणून दिलेला तुकडा. ‘बस’ म्हटल्यावर बसला की मालक खिशातून काढतो तो. अनेकवचन ‘लेकर्ली’ किंवा ‘लेकर्लीस’, दोन्ही मान्य. प्राण्यांच्या दुकानात हा शब्द शेल्फभर दिसतो. तुमच्या ज्या मित्राने तो सुचवला त्याने तो तिथेच वाचला असावा.

याच कुळातले दोन-तीन शब्द पाटीसाठी तुमच्यासमोर येतील. ‘लेकरबिसन’मध्ये ‘बिसन’ म्हणजे घास. हा पुल्लिंगी, एकवचन-अनेकवचन सारखंच. खाण्यासाठी चालतो, पण तो लाक्षणिक अर्थानेही फार वापरला जातो. एखाद्या मैफलीला जर्मन समीक्षक ‘संगीतातला लेकरबिसन’ म्हणतो. मराठीत तिथे ‘रसिकांसाठी पर्वणी’ लिहावं, घास-बिस आणू नये. ‘क्योस्टलिशकायटन’ हा जरा भारदस्त शब्द, हॉटेलच्या मेन्यूकार्डाला शोभणारा. मंडळाच्या स्टॉलला तो थोडा मोठा होतो.

‘डेलिकाटेसन’वर थांबायला हवं, कारण त्याच्याबद्दल एक समज पक्का बसलेला आहे. त्यात ‘एसन’ म्हणजे खाणं हा जर्मन शब्द दडला आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मूळ फ्रेंच शब्द ‘देलिकातेस’, त्याचं जर्मन रूप ‘डेलिकाटेसे’, आणि शेवटचा एन हा अनेकवचनाचा. फोड ‘डेलिकाट’ अधिक ‘एसन’ अशी केली की दिसायला सुबक दिसते, पण ती चुकीची आहे. अमेरिकेतली ‘डेली’ नावाची दुकानं याच शब्दातून आली. अर्थाने हा शब्द दुर्मिळ, महागड्या, उंची खाद्यपदार्थांकडे झुकतो. घरच्या शंकरपाळ्यांना तो नको.

तुमचं शहर कुठल्या भागात आहे तेही बघा. ‘लेकर’ हे विशेषण उत्तरेत आणि ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यात अगदी घरचं आहे. बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात अनेकांना, विशेषतः जुन्या पिढीला, ते बाहेरचं वाटतं. तिथे जेवण आवडलं की ‘गुट’ किंवा त्याचं बोलीतलं रूप म्हणतात. म्युनिकच्या बाजूला असाल तर ‘श्मांकर्ल’ हा शब्द स्थानिक माणसाला लगेच आपलासा वाटेल. तो नपुंसकलिंगी आहे, अनेकवचन तसंच राहतं किंवा शेवटी एन लागतो, आणि त्यात ‘त्या त्या प्रांताची खासियत’ ही छटा असते. फराळासाठी ती छटा छान बसते. तरी ‘लेकरायन’ हे नाम सगळीकडे कळतं आणि नाताळच्या बाजारात दक्षिणेतही दिसतं, त्यामुळे ते लिहून कुठेही काही बिघडणार नाही.

पाटीच्या पुढचं एक महत्त्वाचं. पाकिटबंद फराळ विकणार असाल तर पाकिटावर पदार्थाचं नाव म्हणून ‘लेकरायन’ लिहून भागत नाही. युरोपीय संघाच्या 2011च्या 1169 क्रमांकाच्या नियमावलीनुसार पदार्थाचं वर्णन करणारं नाव द्यावं लागतं. आकर्षक नाव किंवा ब्रँड त्याच्या जागी चालत नाही. ‘चकली’ हे नाव जरूर लिहा, पण त्याखाली ‘तांदूळ आणि डाळींच्या पिठाची तळलेली मसालेदार कुरकुरीत’ अशा अर्थाची जर्मन ओळ हवी. सुट्टा माल विकतानाही ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. नियमातल्या 14 घटकांपैकी आपल्या फराळात बरेच येतात: करंजी-शंकरपाळ्यांतला गहू, चिवड्यातले शेंगदाणे आणि काजू, तुपामुळे दूध, चकलीतले तीळ. चिवड्याच्या फोडणीतली मोहरी सगळे विसरतात, तीही यादीत आहे. हे शब्द जर्मनमध्ये अनुक्रमे वायत्सन, एर्डन्युसे, काजूसाठी काशूकेर्ने, मिल्श, सेझाम आणि झेन्फ. यांची स्पेलिंग मात्र जर्मन शब्दकोशातून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. पाटीवरची चूक लोक सोडून देतील, इथली चूक कुणाच्या तरी जिवाशी येऊ शकते.

माझ्या मते पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘इंडिशे लेकरायन’ लिहा आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘झ्युसेस उंट क्नाबरायन त्सुम लिश्टरफेस्ट दिवाली’, म्हणजे दिव्यांच्या सणाचं गोड आणि कुरकुरीत. वरच्या ओळीत सगळं येतं, खालच्या ओळीने चकली-चिवड्याची सोय होते. रंगवायला देण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून एखाद्या जर्मन शेजाऱ्याला दाखवा, आणि पेंटरकडून परत आल्यावर ‘लेकरायन’ची दहा अक्षरं मोजून घ्या.